पादत्राणे बाहेर काढावीत

फ्लॉरेन्सला जाऊन आलेल्या माणसाला लोक तिथले पुतळे कसे आहेत, जेवण कसं आहे, असं काहीबाही विचारतात. मला जो तो बुटांबद्दल विचारतो. जिन्यात विचारतात, इस्त्रीवाल्याकडे विचारतात, परवा तर दाढीच्या दुकानात तोंडाला साबण फासलेला असताना शेजारच्या खुर्चीतल्यानं विचारलं. तेव्हा एकदाच काय ते नीट सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कोणी अडवायला नको.

तर मूळ मुद्दा बुटांचा नव्हताच, गुडघ्यांचा होता. माझ्या नव्हे, रचनाच्या. रचना म्हणजे माझी बायको. डोंबिवलीतल्या एका शाळेत तिनं जन्मभर इतिहास शिकवला, तोही उभं राहून, कारण बसून शिकवलेल्या इतिहासानं मुलांना झोप येते असं तिचं मत. मुलं जागी राहिली आणि गुडघे गेले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "बदलावे लागतील. आधी एक, मग दुसरा. दिवाळीनंतरची तारीख देतो." रचनानं शहाण्या मुलीसारखी मान डोलावली, घरी आली, चहा टाकला आणि म्हणाली, "अहो, त्याच्या आधी मला फ्लॉरेन्सला जायचंय."

मी म्हटलं, "अगं, बदलून झाल्यावर जाऊ की. नवेकोरे गुडघे घेऊन."

"नाही. ती टेकडी मला ह्याच गुडघ्यांनी चढायची आहे. हे माझे आहेत. नंतरचे कंपनीचे असतील."

ती टेकडी म्हणजे काय, तर शाळेच्या स्टाफरूममध्ये एक कॅलेंडर होतं. कुठल्याशा औषध कंपनीचं. त्यावर फ्लॉरेन्स शहराचा, टेकडीवरून घेतलेला फोटो: खाली नदी, नदीवर पूल, कौलांची गर्दी आणि मधोमध तो भलामोठा लाल घुमट. वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर कोणी काढलं नाही, कारण मागे भिंतीचे पोपडे निघालेले. रचना निवृत्त होईपर्यंत मधल्या सुट्टीत त्याच्या समोर बसून चहा प्यायची. तेवढ्यावर तिचं त्या शहराशी नातं जमलेलं. हट्ट ही गोष्ट आमच्या घरात माझ्याकडे असते. रचनानं केलेला हट्ट ओळखायलाच मला जरा वेळ लागला, पण एकदा ओळखल्यावर मी आखणीला लागलो.

आखणी हा माझा प्रांत. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात मी माल रवानगी बघायचो. मी आखलेला ट्रक कधी चुकीच्या गावी गेला नाही. (एकदा गेला, पण तो ड्रायव्हरचा दोष.) रचनासाठी आम्ही ठाण्याला जाऊन, पायाचं माप देऊन खास बूट करून घेतले. आतून एका बाजूला उंच, एका बाजूला मऊ अशी गादी. दिसायला शाळेतल्या शिपायाचे बूट, पण ते घातले की रचना चालायची आणि काढले की भिंत धरायची. महिनाभर तिनं ते घालून सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारल्या. जिन्याचा सरावही झाला, कारण आमची लिफ्ट बहुतेक बंदच असते.

माझे बूट ही मात्र उत्तमरावांची कृपा. उत्तमराव आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. परदेशाशी त्यांचा संबंध दुबईच्या विमानतळावर बसून राहण्यापुरता आलेला, तरी सल्ल्याला ते कधी मागे हटत नाहीत. "रवीभाऊ, तिकडे सगळे दगडी रस्ते. ट्रेकिंगचेच बूट घ्या, दणकट. आणि पासपोर्ट पोटाला बांधा. पैसे पण पोटाला बांधा. वहिनींची पर्ससुद्धा तुम्हीच बांधा. चोर फार." त्यांनी स्वतः दुकानात येऊन मला बूट निवडून दिले. ते विमानतळापासूनच चावायला लागले. दोन्ही टाचांना फोड. हे मी कोणालाही सांगितलं नाही, रचनालाही नाही. सगळी आखणी माझी आणि आखणी करणाऱ्याचेच बूट चावतात, हे बाहेर फुटणं बरं दिसलं नसतं.

खालच्या मजल्यावरच्या केशरबाईंनी तुळशीला पाणी घालायचं कबूल करून घरची चावी घेतली आणि चावीच्या बदल्यात मेतकुटाचा डबा, लसणीची चटणी आणि "रोज व्हिडिओ कॉल करीन" अशी धमकी दिली.

आता फ्लॉरेन्स. तुम्ही म्हणाल, सांगा तरी कसं वाटलं. खरं सांगू? पहिल्यांदा वाटलं की इथे सोसायटीची कमिटी नसावी. आमची इमारत तिशी ओलांडून गेली तर पालिकेची धोकादायक म्हणून नोटीस आली आणि गेली पाच वर्षं आम्ही रिडेव्हलपमेंटवरून भांडतोय. इथे सहाशे वर्षांची इमारत, खाली पिशव्यांचं दुकान, वर माणसं राहतायत, खिडकीत चड्ड्या वाळतायत. मी कोपरीच्या गल्लीत वाढलो. गल्ली म्हटल्यावर समोरच्याच्या घरात काय शिजतंय ते कळलं पाहिजे. तसंच इथे. सकाळी कॉफीचा वास, दुपारी टोमॅटोचा, आणि मधूनच कुठल्यातरी बोळातून कमावलेल्या चामड्याचा. पुलावर चक्क सोनारांची दुकानं. आमच्या स्टेशनच्या पुलावर फेरीवाला बसला तर टोपली उचलून पळावं लागतं. इथल्या सोनारांना शेकडो वर्षांत कोणी हटकलेलं नाही.

पहिल्याच दिवशी केशरबाईंच्या व्हिडिओ कॉलमध्ये उत्तमरावांनी डोकं घातलं. मी त्यांना तो लाल घुमट दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. "केवढी जागा अडकलीय हो! रिडेव्हलपमेंटला गेलं तर प्रत्येकाला दोन-दोन फ्लॅट मिळतील," म्हणाले. "पण नसतील जात. तिथेही कोणीतरी एक सही अडवून बसला असणार." हा टोमणा मला होता. सही मी अडवली आहे.

रचनाचं मात्र वेगळंच. स्टेशनातून बाहेर आलो, गल्लीच्या तोंडाशी एकदम तो घुमट दिसला, तर ही बॅग तिथेच सोडून उभी. डोळे भरलेले. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही हो. कॅलेंडरात एवढा मोठा वाटत नव्हता." मग स्वतःच हसली आणि माझ्या शर्टाच्या बाहीला डोळे पुसले. मला फार बरं वाटलं. बूट चावत होते तरीही.

टेकडी मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेली. आधी पायांना सवय होऊ दे, मग चढ, अशी माझी आखणी. रचना रोज संध्याकाळी नदीवर जाऊन पलीकडच्या त्या टेकडीकडे बघायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं पुस्तकाकडे बघतात तशी. "जमेल ना हो?" असं विचारायची. मी म्हणायचो, "बूट आहेत ना!"

शेवटचा दिवस शनिवार होता. सकाळी नाश्ता करून नदीपलीकडे गेलो. टेकडी संध्याकाळी, सूर्यास्ताला, तोवर हिंडायचं. एका शांत बोळात एक छोटंसं चर्च दिसलं. मोठ्या चर्चला रांगा, तिकिटं, गळ्यात पट्टे घातलेले गाईड. इथे काहीच नाही. दार उघडं, आत अंधार, मेणबत्त्यांचा वास. आणि दाराशी, पायरीच्या बाजूला, बुटांचे बारा-पंधरा जोड ठेवलेले! शेजारी खोक्यावर कागद चिकटवलेला, त्यावर इटालियनमध्ये काहीतरी आणि खाली स्वच्छ बुटाचं चित्र.

मी जागीच थांबलो. म्हटलं, "बघ! बघितलंस? उगाच लोक म्हणतात की हे लोक बुटांसकट देवाकडे जातात. सगळीकडे माणूस सारखाच गं. भक्ती म्हटली की पायातलं पायरीशीच निघतं." ह्यावर मी आणखी बरंच बोललो. धर्म, संस्कृती, जगाची एकता. बोलता बोलता बूट काढले. काय सांगू तुम्हाला, टाचांना हवा लागली आणि मला साक्षात देवदर्शन झाल्यासारखं वाटलं.

रचना जरा घुटमळली. "इथे ठेवायचे ना नक्की? आपण पिशवीत घेऊ या का?"

"अगं, देवाच्या दारात कोण हात लावतंय! आणि एक तुझा जोड उंची गादीचा दिसतोय म्हणून कोणी नेणार आहे का? मापाचासुद्धा होणार नाही कोणाला."

तिनं बूट काढले, नीट जुळवून रांगेत ठेवले. शेजारचा एक जोड वाकडा होता, तोही सरळ केला. शिक्षिकेची खोड.

आत तीन म्हाताऱ्या बाकावर बसल्या होत्या. तिघींच्याही पायात बूट. रचनानं मला कोपरानं ढोसलं. मी हळूच म्हटलं, "पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे. वयाला सवलत असते." रचनानं हात जोडले, डोळे मिटले. ती काय मागतेय ते मला ठाऊक होतं, म्हणून मीही तेच मागितलं. दोन अर्ज गेलेले बरे.

बाहेर आलो तर पायरी मोकळी. आमचे नाहीत, कोणाचेच नाहीत. खोकं नाही, कागद नाही. बोळात एक मांजर तेवढं बसलेलं.

मी आधी पोटाला हात लावून पासपोर्ट चाचपला. मग रचनाकडे बघितलं. ती पायमोज्यांवर उभी होती, एक हात भिंतीला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. रागावली असती तर मी सांभाळून घेतलं असतं. रागावलेल्या रचनाची मला सवय आहे. पण ती फक्त म्हणाली, "आता टेकडी राहिलीच म्हणायची." मी मांजराच्या मागेसुद्धा बघून आलो.

नेमक्या त्याच क्षणी केशरबाईंचा व्हिडिओ कॉल. तिकडे दुपार. त्यांना आधी आमचे चेहरे दिसले, मग फोन खाली झाला तसे पाय दिसले. "अगो बाई! रचना, बूट कुठायत तुझे? रवींद्र, तुझे पण?" मी सांगितलं. त्यांनी मिनिटभर विचार केला. "आज शनिवार ना रे? देवळातनं चपला गेल्या म्हणजे पीडा गेली. चांगलं झालं. तुळस पण बघ कशी तरारलीय." मग त्यांनी तुळस दाखवली. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून उत्तमराव आले, त्यांच्या मागून आणखी दोन-तीन बिऱ्हाडं आली आणि आमच्या घरात, आमच्या सोफ्यावर बसून सगळ्यांनी आम्हाला सल्ले द्यायला सुरुवात केली. उत्तमराव म्हणाले, "मी सांगितलेलं ना, चोर फार? आता एक करा. लेखी तक्रार द्या. दोन प्रती. एकीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका." मागून कोणीतरी विचारलं, "इन्शुरन्समध्ये बूट येतात का?" मी फोन बंद केला. पण तक्रारीची गोष्ट मला पटली होती.

पोलीस चौकी दोन चौक सोडून होती. तेवढं अंतर आम्ही पायमोज्यांवर गेलो. दगडी रस्ता दिसायला सुंदर असतो, हे वाक्य बूट घातलेल्या माणसांनी लिहिलेलं आहे. रचना भिंत धरून, थांबत थांबत. मी म्हटलं, "हात दे." तिनं दिला. डोंबिवलीत आम्ही रस्त्यानं चालताना मी चार पावलं पुढे असतो, तिथे गर्दीच तशी असते. इथे शेजारी शेजारी चाललो, तर लोक आमच्या पायांकडे बघायला लागले. एक जपानी कुटुंब तर आदरानं बाजूला झालं. आम्ही कुठल्या यात्रेला निघालोय असंच त्यांना वाटलं असावं.

चौकीतला अधिकारी तरुण होता, इंग्रजी बोलायचा, फार अदबीनं. मी सगळी हकिगत सांगितली. त्यानं पेन ठेवलं. "म्हणजे तुम्ही तुमच्या हातानं बूट तिथे ठेवलेत?"

"हो."

"दुसऱ्या बुटांच्या रांगेत?"

"हो. नीट."

"सर, आज त्या चर्चमध्ये गरिबांसाठी जुने कपडे आणि बूट जमा करतात. कागदावर तेच लिहिलं होतं." तो जरा थांबला. "ही चोरी होत नाही. तुम्ही दान केलंत. आणि..." त्यानं रचनाकडे बघितलं, मग माझ्याकडे, "फार उदारपणे केलंत."

माझ्या आयुष्यात मला बरंच काही म्हणून झालंय, पण उदार म्हणून अपमान पहिल्यांदाच झाला. मी पोच मागितली. तो म्हणाला, कशाची? पण पोरगा मनानं चांगला. त्यानं फोन लावला, इटालियनमध्ये बराच वेळ हसला, आणि चर्चचे लोक हे सामान ज्या हॉलमध्ये नेऊन निवडतात त्याचा पत्ता कागदावर काढून दिला. वर म्हणाला, "लवकर जा. दुपारी वाटप सुरू होतं."

हॉल जवळ होता असं तो म्हणाला. बूट असलेल्या माणसाला असेल. वाटेत रचना एका पायरीवर बसली. मोजे तळव्याला फाटले होते. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "चुकलं माझं. तू पिशवीत घेऊ म्हणत होतीस." ती म्हणाली, "तुमचं ते जगाच्या एकतेवरचं भाषण छान होतं पण." आणि हसायला लागली. मलाही हसू आलं. दोघं त्या पायरीवर खिदळत बसलो. हसता हसता ती गुडघा चोळायला लागली, आणि मी ठरवलं की वाट्टेल ते झालं तरी ही बाई आज वर जाणार. पाठीवर घेऊन जावं लागलं तरी. (माझ्या पाठीची हकिगत वेगळी आहे, ती इथे नको.)

हॉलमध्ये बुटांचा ढीग छातीएवढा. एका चर्चचे नव्हते ते, सगळ्या भागातले असावेत. ढिगापुढे हताश उभी असलेली साठीची एक गोल, ठसठशीत बाई, डोक्याला रुमाल. ओर्नेल्ला तिचं नाव. तिला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन. मी खाणाखुणा करायला लागलो, पण रचना सरळ पुढे झाली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "बाई, आमचे बूट चुकून आलेत ह्यात. बघू का मी?" ओर्नेल्लानं तिचे फाटके मोजे बघितले, दोन्ही हात गालांना लावले आणि तिला खुर्ची दिली.

आता एक सांगतो. चपलांच्या ढिगात आपली चप्पल शोधणं हे काम जगात आपल्या लोकांइतकं कोणाला जमत नसेल. लग्नाचा हॉल, सत्यनारायण, बारसं, दहावं, लहानपणापासून सराव. माणूस ढीग बघून सांगू शकतो की आपली तळाशी असेल. रचना खुर्चीत बसून हुकूम सोडायला लागली आणि मी जमिनीवर बसून एकेक काढत गेलो. पण तिच्यातली शिक्षिका गप्प बसेना. सापडलेला प्रत्येक बूट जोडीला लाव, लहान मुलांचे इकडे, बायकांचे तिकडे, फाटके वेगळे. तासाभरात अर्धा ढीग शाळेच्या प्रार्थनेसारखा रांगेत उभा राहिला. ओर्नेल्लानं कमरेवर हात ठेवून ते बघितलं, आत गेली आणि आमच्यासाठी कॉफी आणि केकचे तुकडे घेऊन आली. रचनानं पिशवीतून केशरबाईंची चटणी काढून तिला दिली. तिनं ती पावाला लावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा मागितली.

मग रचनानं उठताना गुडघा धरला. ओर्नेल्लानं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली, पँट वर ओढली आणि दाखवला: गुडघ्यावर उभा, लांबच लांब व्रण, चेनसारखा. बदललेला! ती फुशारकीनं स्टुलावर चढली, उतरली, पुन्हा चढली. हातानं करवत चालवल्यासारखं करून दाखवलं, मग हातोडी, मग हसून टाळ्या वाजवल्या. रचनाही हसली. तिनं त्या व्रणाला बोटानं हळूच हात लावला, आणि मग परत खुर्चीत जाऊन बसली. मला वाटलं, दमली असेल.

तिचे बूट सापडले. तळाशीच होते, आतल्या गाद्यांसकट. मी ते उचलून तिला दाखवले तेव्हा हॉलमधल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी गुडघ्यावर बसून तिच्या पायात घालून दिले, कारण तिला वाकवत नव्हतं, दुसरं काही कारण नाही.

माझेही सापडले. पण एका उंच, पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याच्या पायात. वाटप सुरू झालं होतं. तो हॉलच्या टोकापर्यंत चालत गेला, वळला, परत आला, आणि बुटांकडे बघून मान डोलावली. त्याला ते चावत नव्हते! ओर्नेल्लानं माझ्याकडे विचारल्यासारखं बघितलं. मी हात हलवून म्हटलं, राहू दे. उदार म्हणून एकदा नाव झालंच होतं. रचनानं माझा हात दाबला, तिला फार कौतुक वाटलं. मी तिला फोडांचं काही बोललो नाही.

माझ्या मापाचं मात्र ढिगात एकच काहीतरी होतं: जांभळ्या रंगाचे, रबरी, भोकाभोकांचे बायकी सँडल, वर प्लास्टिकचं सूर्यफूल. ते घालून मी फ्लॉरेन्सच्या रस्त्यावर आलो. माझी उभी हयात इस्त्रीच्या पँटीत गेलेली. पण खरं सांगतो, पायांना इतकं सुख सबंध प्रवासात मिळालं नव्हतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्ही टेकडीच्या पायथ्याशी. दगडी पायऱ्या, एका बाजूला कुंपणाला गुलाब, वर झाडं. रचना एक पायरी चढायची, दुसरा पाय तिच्याशेजारी ठेवायची, मग पुढची. मी तिला धीर द्यायला सोबत चाललेलो, पण अर्ध्यात माझाच श्वास भरला आणि कठडा धरून मीच बसलो. ती वर थांबली, हात पुढे केला. "चला. दम खाऊन चला. घाई नाही." उरलेल्या पायऱ्या तिनं मला चढवल्या. तरुण पोरं बाजूनं धावत वर जायची, आमच्याकडे बघून हसायची, माझ्या सँडलकडे बघून जास्तच.

आणि मग पायऱ्या संपल्या. वर मोकळं मैदान, कठडा, आणि कठड्यापलीकडे सगळं ते. नदी, पूल, कौलं, मधोमध घुमट. संध्याकाळच्या उजेडात सगळं केशरी. लोकांची गर्दी, कोणी गिटार वाजवतंय, कोणी बाटल्या उघडतंय. मी म्हटलं, "बघ! आलो की नाही? फोटो काढू?"

रचनानं घुमटाकडे बघितलं, पण क्षणभरच. मग मैदानातल्याच एका पायरीवर खाली मान घालून बसली आणि रडायला लागली. आनंदानं नव्हे; आनंदाचं रडू मला ओळखता येतं.

"काय झालं? दुखतंय का?"

"मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "तो व्रण बघितला ना तिचा, तेव्हापासून. एवढा मोठा. करवतीनं कापतात, ती करून दाखवत होती. घरी मी सगळ्यांना हसून सांगत फिरते, कंपनीचे गुडघे, कंपनीचे गुडघे. रात्री झोप लागत नाही मला. नाहीच चालता आलं नंतर तर? म्हणून म्हटलं, आधी एकदा चढून घेऊ. पुढे काय होईल ते होवो. पण चढले आता. आता पुढे तेच आहे."

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर सल्ला असतो. ऑपरेशन सोपं असतं, सगळ्यांचं होतं, ओर्नेल्ला कशी स्टुलावर चढली, हे सगळं मला सुचलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं. मलाही भीती वाटत होती. ते मी तिला सांगितलं. "मलाही वाटते गं," म्हटलं. "मी पण जागाच असतो. तुला झोप लागली असं समजून कूस बदलत नाही."

ती रडता रडता माझ्याकडे बघत राहिली. मी खाली फरशीवर मांडी घातली, तिचा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला, बूट काढला आणि गुडघा चेपायला लागलो. आमच्या घरात पाय चेपून घेणारे पुरुष होऊन गेले, आजोबा, वडील. चेपणारा मी पहिला. तेही चारचौघांत, जांभळे सँडल घालून.

"अहो!" रचना दचकली, पाय ओढायला लागली. "काय करताय? लोक बघतायत!"

"बघू देत. घुमट रोज बघतात, एक दिवस हे बघतील."

तिनं इकडेतिकडे पाहिलं. गिटारवाला पोरगा आमच्याकडे बघून हसला आणि वाजवत राहिला. हळूहळू तिचा पाय सैल पडला. तिनं डोळे पुसले, मान वर केली, आणि पहिल्यांदाच नीट, सावकाश, सगळं शहर बघायला लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी खालून फक्त तिचा चेहरा बघत होतो आणि मन लावून चेपत होतो.

बऱ्याच वेळानं ती घुमटावरची नजर न काढता, अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, जास्त दुखतो तो दुसरा."

मी पाय बदलला.